दाबून धरणारा हात

ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एका मराठी माणसाचं चित्र छापून आलं. कावसजी त्याचं नाव. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा शेतकरी १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. पुढे वर्षभराने पुण्याकडच्या एका कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक घडवून दिलं. युरोपातल्या शल्यविशारदांनी ती रीत उचलली, आणि प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कावसजीचं नाक कायमचं जाऊन बसलं. त्याच्या हाताबद्दल मात्र कोणी विचारत नाही. हात तुटला म्हणजे मोठ्या रोहिण्या उघड्या पडल्या. ते रक्त थांबलं नसतं तर नाक घडवायला माणूसच उरला नसता. ते कोणी दाबून धरलं, कशाने बांधलं, यावर त्या वृत्तांतात एक ओळ नाही.

त्याच श्रीरंगपट्टणच्या शेजारी, कृष्णराजसागर धरणाच्या अंगाला बेळगोळ आहे. एकीकडे कावेरीच्या पाण्यावरचा ऊस आणि भात, दुसरीकडे म्हैसूरला चिकटलेले कारखाने; बंद पडलेली मंड्या नॅशनल पेपर मिल्सही इथलीच. सुट्टीच्या संध्याकाळी वृंदावन उद्यानाची कारंजी बघायला निघालेल्या गाड्यांची भर वेगळीच. ऊस तोडणारा कोयता, यंत्राचं पातं, दुचाकीची टक्कर. माणसाचं रक्त जोरात वाहायला लागण्याची बहुतेक कारणं या चार-पाच मैलांत नांदतात. सांगली, कोल्हापूर, अहिल्यानगरच्या कुठल्याही साखरपट्ट्यात याहून वेगळं चित्र नाही, म्हणून बेळगोळ हे नाव मी इथे पुष्कळ गावांच्या वतीने घेतो आहे. गेल्या पस्तीस वर्षांत कायदा आला, १०८ ची रुग्णवाहिका आली, रक्त गोठवून धरणारं स्वस्त औषध आलं, मदत करणाऱ्याला बक्षीसही आलं. पण कावसजीच्या वृत्तांतात जी ओळ रिकामी आहे ती अजून भरलेली नाही. पहिल्या दहा मिनिटांत जखमीजवळ जो उभा असतो, त्याला काय करायचं हे आपण शिकवलेलंच नाही.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. २०२२ साली देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत महाराष्ट्राची १५,२२४, कर्नाटकाची ११,७०२. जगभरचे अभ्यास सांगतात की जखमांनी होणाऱ्या मृत्यूंपैकी तीस ते चाळीस टक्के रक्त वाहून जाण्याने होतात. डोक्याच्या मारापुढे रस्त्यावरचा माणूस हतबल असतो. हातापायातून वाहणाऱ्या रक्तापुढे तो हतबल नसतो, आणि म्हणून हे मृत्यू मनाला जास्त लागतात.

साठ किलो वजनाच्या माणसाच्या अंगात साधारण सव्वाचार लिटर रक्त असतं. त्यातलं सहाशे मिलिलिटरपर्यंत गेलं तर शरीर ते बहुधा निभावून नेतं. रक्तदानात याच्या जवळपास निम्म्याहून थोडं अधिक आपण हसत देतो. सव्वा लिटरच्या पुढे गेलं की रक्तदाब कोसळू लागतो. पावणेदोन लिटर गेलं की माणूस मृत्यूच्या दारात असतो. मांडीची मोठी रोहिणी पूर्ण उघडी पडली तर हे सगळं काही मिनिटांत उरकतं. आणि डोळ्यांवर इथे विश्वास ठेवता येत नाही. फरशीवर अर्धा पेला रक्त सांडलं तरी खून झाल्यासारखं दिसतं. नांगरलेल्या मातीत, काळ्या पँटीत, गडद लुगड्यात लिटरभर मुरलं तरी कळत नाही. म्हणून जाणते लोक कपडा कापून जखम उघडी करून बघतात. किती रक्त सांडलं यापेक्षा ते कसं येतंय हे महत्त्वाचं. उसळ्या मारत येतंय का, थांबत नाहीये का, दाबलेलं कापड भिजून पुन्हा टपटपतंय का? यातलं एक जरी होय असलं तरी बाकी सगळी कामं बाजूला ठेवायची.

रक्त थांबवण्याचं ज्ञान आपल्याकडे नवं नाही. सुश्रुताने त्याचे चार उपाय सांगितले आहेत: संधान, स्कंदन, पाचन आणि दहन. तुरट द्रव्यांनी जखमेचं तोंड जुळवणं, थंडाव्याने रक्त गोठवणं, राखेने सुकवणं, आणि काहीच चालेना तर डागून रक्तवाहिनी आकसवणं. या क्रमात एक शहाणपण आहे. सौम्य उपायाकडून कडक उपायाकडे जायचं. पण त्यातली राख आणि तुरट पाला तेवढा आपल्या घराघरांत उरला. हळद, चुना, चहाची पूड, दक्षिणेत कॉफीची पूड, बांधावरचा एकदांडीचा पाला, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे तंबाखू नि माती. खरचटलेल्या गुडघ्याला हळद लावली म्हणून कोणाचं फारसं बिघडत नाही. उसळणाऱ्या रोहिणीवर हळद टाकणं म्हणजे पाटाच्या पाण्यावर पीठ भुरभुरणं. ती वाहून जाते, आणि तेवढ्यात दोन मिनिटं गेलेली असतात.

दोन मिनिटांत करण्यासारखं काम एकच, दाबणं. स्वच्छ पंचा, ओढणी, गमछा, काही नसेल तर अंगातला सदरा घडी करून नेमका रक्त येतंय तिथे ठेवायचा, दोन्ही तळहात एकावर एक ठेवायचे, कोपरं ताठ करायची आणि अंगाचा भार टाकायचा. जखमी ओरडेल. ओरडू द्यायचं. किमान दहा मिनिटं हात उचलायचा नाही. इथेच बहुतेकांचं चुकतं. दर अर्ध्या मिनिटाला कापड वर करून ‘थांबलं का’ म्हणून बघायची ओढ अनावर असते, आणि प्रत्येक वेळी नुकती धरलेली गुठळी कापडाबरोबर उचकटून निघते. कापड भिजून वाहतच राहिलं तर बहुधा दाब चुकीच्या जागी पडतो आहे. वर आणखी चार फडकी रचण्यापेक्षा जागा शोधून जोर वाढवायला हवा. जांघेत, काखेत, मानेच्या बुडाशी खोल जखम असेल तर कापडाची पट्टी बोटाने आत ठासून भरायची आणि वरून दाबायचं. छाती आणि पोटाच्या जखमेत मात्र काही ठासायचं नाही. घुसलेली सळई, काच, विळा उपटायचा नाही. बुचाचं काम तोच करत असतो. हाताला रक्त लागेल, रोग लागेल ही भीती खरी आहे आणि ती बोलून दाखवायला लाजू नये. दुधाची रिकामी पिशवी हातात चढवली तरी भागतं.

जुन्या प्रथमोपचाराच्या वर्गांत यापेक्षा पुष्कळ जास्त शिकवलं जायचं. जखमी हात हृदयाच्या वर उचला, दंडात अमुक जागी, जांघेत तमुक जागी बोटाने रोहिणी दाबा. शाळेत स्काउटच्या गणवेशात या जागा पाठ केलेली पिढी अजून आहे. २०१५ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी पुरावा तपासला तेव्हा उंच उचलण्याचा किंवा दाबबिंदूंचा उपयोग होतो असं दाखवणारं फारसं काही सापडलं नाही. त्यात वेळ जातो, आणि थेट दाबणारे हात मोकळे होतात ते नुकसानच. शिकवण्याच्या गोष्टी कमी कराव्यात, हा बदल मला फार मोलाचा वाटतो. घाबरलेल्या माणसाला एकच गोष्ट आठवते.

दाबून थांबत नसेल तर बांधायचं. अशा आवळून बांधायच्या साधनाची, टूर्निकेटची, गोष्ट मात्र सरळ नाही. १७१८ साली फ्रान्सच्या झाँ-लुई पतीने स्क्रूने आवळायचं यंत्र केलं आणि दोन शतकं ते लढायांत चाललं. पहिल्या महायुद्धानंतर त्याची बदनामी झाली. तासन्‌तास आवळून ठेवलेले हातपाय सडत, कापावे लागत. तेव्हापासून ‘अगदी शेवटचा उपाय’ असा शिक्का बसला, आणि आपल्याकडच्या पुस्तकांतही तोच उतरला. तो पुसला गेला इराक आणि अफगाणिस्तानात. बगदादच्या लष्करी रुग्णालयातल्या नोंदींवरून २००९ मध्ये जॉन क्राघ यांनी दाखवलं की जखमी शॉकमध्ये (त्याकडे पुढे येतोच) जाण्याआधी टूर्निकेट लावलं तर नव्वद टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर लावलं तर दहा टक्के. दोन तासांच्या आत सोडवलं तर केवळ त्यामुळे अवयव गमावण्याची भीती फार थोडी, हेही दिसलं. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले तेव्हा लोकांनी पट्टे, शर्ट, दोऱ्या बांधून जखमींना रुग्णालयात पोचवलं. त्यातून आणि त्याआधीच्या न्यूटाउनच्या शाळेतल्या गोळीबारातून अमेरिकेत सामान्य माणसाला रक्त थांबवायला शिकवण्याची मोहीम ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू झाली.

आपल्याकडे ही गोष्ट उलटीच आहे, आणि त्यावर कोणी बोलताना मला दिसत नाही. खेड्यातल्या कुठल्याही माणसाला आवळून बांधणं ठाऊक आहे, पण ते सापासाठी. साप चावला की दंडाला सुतळी, नाडा, रबराची नळी करकचून बांधतात. तिथे ते घातकच. विषाने आधीच बिघडलेला अवयव रक्तावाचून मरतो, आणि गाठ सोडताक्षणी साचलेलं सगळं एकदम अंगात जातं. राष्ट्रीय सर्पदंश उपचारपद्धतीने २००९ मध्येच बांधू नका असं स्पष्ट सांगितलं. तरी बांधलं जातं. आणि कोयत्याने पोटरीची रोहिणी तुटते, तेव्हा त्याच गावातली तीच माणसं हळद आणायला धावतात. ज्या गाठीने जीव वाचला असता ती गाठ आपण चुकीच्या दुखण्याला बांधतो. गावात एकच वाक्य पोचवायचं झालं तर मी हे पोचवीन: साप चावला तर बांधू नका, रोहिणी तुटली तर बांधा.

बांधायचं तर नीट बांधायला हवं. पट्टी दोन बोटांहून रुंद. तार, सुतळी, चपलेचा पट्टा नको, ते कातडी कापतात आणि खालची रोहिणी मोकळीच राहते. जखमेच्या चार बोटं वर, सांध्यावर नाही. एक गाठ, तिच्यावर पेन किंवा लाकडाची काडी, वर दुसरी गाठ, आणि रक्त थांबेपर्यंत पीळ. नुसत्या हाताने ओढून बांधलेलं फडकं बहुतेक वेळा कमी पडतं. कमी पडलेलं फडकं न बांधलेल्यापेक्षा वाईट, कारण ते वरवरच्या नीला बंद करतं पण रोहिणी चालू ठेवतं. रक्त आत येत राहतं, परत जात नाही, आणि जखमेतून दुप्पट वाहतं. पिळल्यावर भयंकर कळ येते. ती कळ म्हणजे चुकल्याची खूण नाही. वेळ कपाळावर किंवा हातावर लिहायची, आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सोडायचं नाही. ‘दर पंधरा मिनिटांनी सैल करा’ हा जुना सल्ला तर थेंबाथेंबाने मारणारा. पूर्ण तुटलेल्या हातापायाबद्दल एक सावधगिरी. मुंबईत लोकलखाली पाय चिरडतो तेव्हा कित्येकदा सुरुवातीला रक्त फारसं येत नाही, कारण चिरडलेल्या रोहिणीची टोकं आक्रसून आत गुंडाळतात. बघणाऱ्याला वाटतं, थांबलंय. थोड्या वेळाने ती सैलावतात. अशा वेळी पट्टी तयार ठेवून जवळ बसायचं.

आता शॉककडे वळतो. हा शब्द मराठीत आपण विजेच्या झटक्यासाठी आणि वाईट बातमीसाठी वापरतो, म्हणून ‘पेशंट शॉकमध्ये आहे’ असं डॉक्टरांनी म्हटलं की नातेवाईक समजतात, मनाला धक्का बसलाय, थोड्या वेळाने सावरेल. प्रत्यक्षात ती शरीराच्या पेशीपेशीला प्राणवायू न पोचण्याची अवस्था आहे. रक्त कमी झालं की शरीर आधी कातडीचा, मग आतड्यांचा, मग मूत्रपिंडांचा पुरवठा तोडतं आणि उरलेलं मेंदू नि हृदयासाठी राखून ठेवतं. दुष्काळात आधी फुलबागेचं पाणी तोडावं, मग उसाचं, शेवटी पिण्याचं राखावं, तसं. बाहेरून दिसणारी प्रत्येक खूण या तोडलेल्या पाण्याची आहे. तळहात आणि कपाळ गार, घामाने चिकट. नाडी जलद आणि बारीक. श्वास उथळ नि भराभर. नख दाबून सोडलं तर गुलाबी रंग परतायला दोन सेकंदांहून जास्त. सावळ्या माणसाच्या चेहऱ्यावर फिकेपणा लवकर कळत नाही. खालची पापणी ओढून आतला रंग, ओठांची आतली बाजू आणि तळहात बघायचे.

यांतली सगळ्यांत हुकणारी खूण मनाची आहे. मेंदूला रक्त कमी पडू लागलं की माणूस बेचैन होतो. उठून बसतो, हात झटकतो, मदत करणाऱ्याला शिवी देतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या खातो. भोवतालची गर्दी म्हणते, ‘प्यायलाय.’ रात्रीच्या महामार्गावर हे वाक्य किती जणांच्या वाट्याला आलं असेल याचा विचार केला की अंगावर काटा येतो. अपघातानंतर विचित्र वागणारा माणूस दारू प्यायलेला असला, तरीही तो रक्त गमावत असू शकतो. दोन्ही गोष्टी एका देहात राहतात. आणि बडबडणारा माणूस अचानक शांत झाला, डोळे मिटू लागला, तर त्याला आराम पडलेला नाही.

दुसरी चूक रक्तदाबाच्या आकड्यावर विसंबण्याची. धडधाकट तरुणाचं शरीर तीस टक्के रक्त जाईपर्यंत दाब टिकवून धरतं आणि मग एकदम कोसळतं. ‘बीपी नॉर्मल आहे’ म्हणून बाकावर बसवून ठेवलेला तरुण अर्ध्या तासाने जातो तो असा. १९६७ साली आल्गवर आणि बुरी यांनी सोपं गणित सुचवलं: नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागा. भागाकार एकाच्या जवळ गेला की धोका, मग दाब कितीही चांगला दिसो. नाडी ११०, दाब ११०, म्हणजे प्रकृती ठीक नाही. उलट मनगटात नाडी लागली म्हणजे दाब निदान ऐंशी आहे हा पुष्कळांना शिकवलेला ठोकताळा २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका छोट्या अभ्यासात खोटा ठरला. हृदयाचा वेग कमी ठेवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांची नाडी वाढतच नाही. लहान मुलं फार वेळ तग धरतात आणि मग सावरत नाहीत. गरोदर बाईच्या अंगात रक्त मुळात जास्त असतं, त्यामुळे ती पुष्कळ गमावूनही ठीक दिसते.

बाहेर थेंबही न दिसता शॉक येऊ शकतो. मांडीचं हाड मोडलं तर त्या मांडीत लिटर-दीड लिटर रक्त साचतं, कंबरेचं हाड फुटलं तर त्याहून जास्त. फुटलेली प्लीहा, नळीत राहिलेला नि फुटलेला गर्भ, या सगळ्यांची बाहेरची भाषा हीच: गार हात, जलद नाडी, तहान, बेचैनी. त्यांना हाताने दाबून उपयोग नाही. तिथे ओळखणं हाच प्रथमोपचार, आणि ओळखल्यावर शस्त्रक्रिया होते त्याच रुग्णालयात थेट नेणं.

तहानेवर थोडं थांबायला हवं. रक्त गमावलेला माणूस पाणी मागतो, जीव तोडून मागतो. आणि आपल्याकडे मागणाऱ्याला पाणी नाकारणं हे पाप. त्यातून तो मरणाच्या वाटेवर असेल तर तोंडात पाणी घालणं हा शेवटचा संस्कार. म्हणून बेळगोळच्या रस्त्यावर ‘नीरु कोडि’ आणि कराडच्या रस्त्यावर ‘पाणी पाजा’ ही पहिली हाक असते. ही हाक माणुसकीची आहे, हे मान्य करूनच बोललं पाहिजे. पण शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या घशातलं पाणी श्वासनलिकेत जातं, आणि भरल्या पोटी भूल देणं अवघड होतं. ओला रुमाल ओठांवरून फिरवावा, हात हातात धरावा, ‘दवाखान्यात पोचतोय’ म्हणत राहावं. पाणी पाजण्यामागची माया तशीच राहते, तिची जागा फक्त बदलते.

बाकी करायचं ते थोडंच आहे. सपाट झोपवायचं. पायांना, कंबरेला, पाठीच्या कण्याला मार नसेल तर पाय थोडे उचलता येतात, पण त्याचा गुण काही मिनिटांपुरताच. पांघरूण घालायचं, भर एप्रिलच्या दुपारीसुद्धा. हे लोकांना पटत नाही. रक्त गमावलेलं शरीर ऊब तयार करू शकत नाही, आणि गारठलेलं रक्त गोठत नाही. थंडी, रक्तातली आम्लता आणि न गोठणारं रक्त ही तिन्ही एकमेकांना वाढवत नेतात. सुश्रुताने सांगितलेला थंडावा जखमेपुरता ठीक, अख्ख्या देहाला नव्हे. घाम आलेल्या जखमीला वारा घालणारे हात म्हणून थांबवायला हवेत. तुटलेलं बोट किंवा हात मात्र गार ठेवायचा: ओल्या स्वच्छ कापडात, पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात, थेट बर्फावर नाही.

‘आधी सलाईन लावा’ हा आणखी एक हट्ट. १९१८ मध्येच वॉल्टर कॅनन यांनी महायुद्धातल्या जखमींवरून बजावलं होतं की शल्यविशारद तयार होण्याआधी दाब वाढवला तर थांबलेलं रक्त पुन्हा सुटतं. १९९४ मध्ये ह्यूस्टनच्या ५९८ जखमींवरच्या अभ्यासाने तेच दाखवलं: छातीपोटात भोसकलेल्या किंवा गोळी लागलेल्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत सलाईन रोखून धरलं तर सत्तर टक्के जगले, आधीच दिलं तर बासष्ट. सलाईन रक्तासारखी प्राणवायू वाहून नेत नाही. लहान दवाखान्यात बाटली लावून घेण्यात अर्धा तास घालवणं म्हणजे तो अर्धा तास गमावणं.

रुग्णालयाच्या आतली मोठी बातमी २०१० ची. क्रॅश-२ नावाच्या चाचणीत चाळीस देशांतल्या २०,२११ जखमींवर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड तपासलं गेलं, आणि त्यात भारतातल्या रुग्णालयांचा वाटा मोठा होता. जपानच्या उताको ओकामोतो यांनी पतीबरोबर १९६२ मध्ये शोधलेलं हे औषध तोवर मुख्यतः स्त्रियांच्या अति रक्तस्रावासाठी वापरात होतं. पहिल्या तासात दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू ७.७ टक्क्यांवरून ५.३ वर आले. तीन तासांनंतर दिलं तर उलट वाढले. म्हणजे जगातल्या स्वस्त औषधांपैकी एक हाताशी असूनही सगळं पुन्हा वेळेवर, आणि वेळ रस्त्यावरच्या माणसावर येऊन ठेपतं.

तो रस्त्यावरचा माणूस का पुढे येत नव्हता, याचं उत्तर दीर्घकाळ पोलीस ठाणं आणि कोर्ट हेच होतं. १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमीवर उपचार हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य, पोलिसांची वाट पाहायची नाही. त्या खटल्यामागे एक स्कूटरस्वार होता; मेडिकोलीगल केस घेत नाही म्हणून रुग्णालयाने त्याला वीस किलोमीटर दूर धाडलं आणि तो वाटेत गेला. मदत करणाऱ्याला संरक्षण मिळायला आणखी सत्तावीस वर्षं लागली. सेव्हलाइफ फाउंडेशनच्या याचिकेवर ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं: नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीसाठी खेटे नाहीत, रुग्णालयात पैसे भरायची सक्ती नाही. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत याच संरक्षणाचं कलम १३४-अ आलं.

त्याच २०१६ मध्ये कर्नाटकाला हलवणारी घटना घडली. १६ फेब्रुवारीला नेलमंगलाजवळ हरीश नंजप्पा या तरुणाचा देह ट्रकखाली अक्षरशः दुभंगला. शुद्धीत असताना त्याने माझे अवयव दान करा म्हणून विनवलं. त्याचे डोळे दान झाले. पुढच्याच महिन्यात राज्य सरकारने त्याच्या नावाने पहिल्या ४८ तासांच्या उपचारासाठी २५,००० रुपयांपर्यंतची योजना सुरू केली, आणि पुढे मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारा स्वतःचा कायदाही केला. तरी जानेवारी २०१७ मध्ये म्हैसूरजवळ पोलिसांची जीप आणि बस यांची टक्कर झाली, तेव्हा एक पोलीस अधिकारी विव्हळत होता आणि लोक मोबाईलवर चित्रण करत होते. काही दिवसांतच कोप्पळमध्ये बसखाली आलेला सायकलवरचा पोरगा तसाच रक्तात पडून राहिला. चित्रण करणाऱ्यांना तेव्हा सगळ्यांनी निर्दय म्हटलं. मला तसं म्हणवत नाही. हात रिकामे असतात आणि काय करावं ते कळत नाही, तेव्हा माणूस हातातला फोन वर धरतो. भीती कायद्याने घालवता येते; हाताला काम शिकवणं कायद्याला जमत नाही. २०२१ पासून जखमीला पोचवणाऱ्याला पाच हजारांचं बक्षीस होतं, ते पुढे पंचवीस हजारांवर नेलं. त्यातला थोडा पैसा शिकवण्यावर गेला असता तर बरं झालं असतं.

गाड्यांची गोष्ट थोडक्यात. कर्नाटकात १०८ नोव्हेंबर २००८ मध्ये आली, महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांसह. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. तिथे रस्ता, पोलीस आणि आपत्कालीन सेवा या तिन्ही अंगांनी काम झालं आणि आकडा खाली आला. मार्च २०२३ मध्ये खुल्या झालेल्या बंगळूरु-म्हैसूर महामार्गावर मृत्यू वाढताच त्याच ऑगस्टपासून दुचाकी आणि रिक्षांना बंदी झाली, वेगावर कॅमेरे बसले. मुंबईच्या रेल्वेत समीर झवेरी यांनी १९८९ मध्ये दोन्ही पाय गमावल्यावर वर्षानुवर्षं न्यायालयात झगडून स्थानकांवर वैद्यकीय कक्षांची वाट मोकळी केली. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रसारखी पथकं घाटात दोर लावून उतरतात. पण चांगल्यात चांगली गाडीही पोचायला वेळ घेते, आणि उसळणारी रोहिणी तेवढं थांबत नाही.

म्हणून मला कारखान्यांकडून आशा वाटते. १९४८ च्या कारखाना कायद्याने दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि तिच्यासाठी एक शिकलेला माणूस हे माप घालून दिलं होतं. बेळगोळसारख्या औद्योगिक वसाहतीत असे शिकलेले, निदान प्रमाणपत्र असलेले, कितीतरी लोक असणार, आणि ते संध्याकाळी त्याच रस्त्याने दुचाकीवरून घरी जातात. पेटीत काय असतं हे मात्र बघण्यासारखं आहे. अनेक राज्यांच्या नियमांतल्या जुन्या यादीत सर्पदंशाची जागा कापायचं छोटं पातं आणि पोटॅशियम परमँगनेट होतं. आज दोन्ही निषिद्ध. त्या जागी एक रुंद पट्टी, पीळ द्यायची काडी, भरपूर जाळीदार कापड आणि वेळ लिहायला पेन ठेवलं तर खर्च वाढत नाही.

आणि शिकवायला पडदा नि प्रोजेक्टर लागत नाही. पाळी बदलताना पाऊण तास पुरतो. सायकलची जुनी ट्यूब कापून एका टोकाला घट्ट बांधायची, दुसऱ्या टोकाने लाल रंगाचं पाणी भरायचं, चिंध्यांच्या मांडीत ती गुंडाळायची आणि एक चीर पाडायची. एकाने मोकळ्या टोकातून पाणी सोडत राहायचं. एकेकाने येऊन आधी दाबायचं, मग काडी घालून पिळायचं, पाणी थांबेपर्यंत. घड्याळ लावून दहा मिनिटं. चौथ्या मिनिटाला मनगट भरून येतं, सहाव्याला खांदे थरथरतात. तेव्हा शेजाऱ्याला हाक मारायची. त्याचे दोन्ही तळहात आपल्या हातांवर नीट बसले, त्याचा भार आला, की मगच आपले हात खालून सरकवून काढायचे.